बिनडागाचा पाचू

आमच्या पुरुषोत्तमनगरात बातमी साखर कारखान्याच्या भोंग्याआधी पोचते. शेजारच्या वहिनी मुलासाठी पाचूची अंगठी करताहेत, हे मला त्यांच्याआधी समोरच्या मावशींनी सांगितलं होतं आणि मावशींना दूधवाल्याने. तरी परवा वहिनी धुणं वाळत घालता घालता कुंपणाशी आल्या, इकडेतिकडे बघून "ताई, कुणाला बोलू नका हं" म्हणाल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकत असल्याचा चेहरा केला. एवढा शेजारधर्म पाळावाच लागतो.

"हा बघा," पदराच्या गाठीतून कागदाची पुडी सोडवत त्या म्हणाल्या. "बघायला दिलाय नुसता. पैसे उद्या द्यायचे."

पोरगा त्यांचा पुण्याला. हुशार, पण मुलाखतीला बसला की शब्द तोंडातच राहतात. पत्रिका दाखवली तर ज्योतिषी म्हणाला, बुध बिघडलाय. उजव्या करंगळीत, बुधवारी, सव्वापाच रत्तीचा पाचू घाला. आणि खडा कुठून घ्यायचा तेही त्यानेच सांगितलं. वजन, बोट आणि वार शास्त्रातले असतील. दुकानाचा पत्ता कोणत्या शास्त्रातला, ते मी विचारलं नाही.

पुडी उघडली. खडा कसा, हिरवागार, आरपार, नितळ.

"एक डाग नाही बघा ताई! तो म्हणाला, असा स्वच्छ पाचू लाखात एखादा."

"तीच तर पंचाईत आहे वहिनी," मी म्हटलं.

माझं माहेर सोनाराचं. लहानपण पेढीवरच्या गादीच्या कडेला गेलं, त्यामुळे खडा दिसला की हात आपोआप भिंगाकडे जातो. हिऱ्याला डाग म्हणजे दोष. पाचूचं तसं नाही. भिंगातून पाहिलं की अस्सल पाचूत काहीतरी दिसतंच: बारीक चिरा, तंतू, अभ्रकाचे ठिपके, कधी द्रवाने भरलेली इवलीशी पोकळी. अमेरिकेतली जीआयए ही रत्नपारखी संस्था स्वच्छतेच्या बाबतीत रंगीत खड्यांचे तीन वर्ग करते. पाचू तिसऱ्या वर्गात येतो, म्हणजे ज्यात आत काही ना काही असणारच असं धरून चालायचं. भिंगाशिवाय डोळ्याला स्वच्छ दिसला तरी तो फार वरचा माल. अवगुण नसलेलं स्थळ आलं तर आपण दोन दिवस जास्तच चौकशी करतो की नाही? तसंच हे.

एव्हाना मावशी रस्ता ओलांडून आल्याच होत्या. कपाटात भिंग शोधायला मी आत वळले तेवढ्यात त्यांनी वहिनींना सांगून टाकलं, "आपल्या तोरणमाळच्या डोंगरातबी हिरवे खडे सापडतात म्हणे. इतके पैसे घालता कशाले?"

सापडत असतील, पण पाचू नाहीत. पाचू हा बेरिल जातीचा खडा. त्याला बेरिलियम लागतं आणि हिरवा रंग यायला क्रोमियम किंवा व्हॅनेडियम लागतं. ही धातूंची जोडी एका खडकात सहसा नांदत नाही. बेरिलियम ग्रॅनाइटच्या घराण्यातलं, क्रोमियम अगदी वेगळ्या, पृथ्वीच्या पोटातून आलेल्या खडकांतलं. जमीन हलते, भेगा पडतात, त्यांतून तापलेलं पाणी खेळतं, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडते. असल्या धामधुमीत वाढलेला खडा चिरा न पडता बाहेर येईल कसा? सातपुडा आणि आपला सगळा काळा खडक लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत अकीक मिळतो, झिओलाइट मिळतात. पुण्याकडचं हिरवं अपोफिलाइट तर जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलंय. दिसायला देखणं, पण इतकं मऊ की चाकूने ओरखडतं. भारतात पाचूच्या खाणी निघाल्या त्या राजस्थानात, अजमेर ते उदयपूरच्या पट्ट्यात. बाजारातला बहुतेक माल मात्र कोलंबिया, झांबिया आणि ब्राझीलचा. झांबियाच्या कागेम खाणीत २०२१ साली एक अखंड स्फटिक निघाला ७,५२५ कॅरटचा, म्हणजे दीड किलोचा. त्याचं नाव त्यांनी 'चिपेंबेले' ठेवलं, त्यांच्या बोलीत गेंडा.

"दीड किलो!" मावशी म्हणाल्या. "आपल्याकडे तेवढी कोथिंबीर घेतली तरी नवरा विचारतो, कशाले?"

बाजारातला पाचू आपल्या मातीतला नाही ही गोष्ट नंदुरबारावरून गेलेल्या एका माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या. सुरतेहून बऱ्हाणपूरला जायच्या त्याच्या वाटेवर नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपलीच गावं येतात. नंदुरबारला तो 'नसरबार' लिहितो. १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने बजावलंय की पाचू पूर्वेकडच्या देशांत निघतात हा लोकांचा भ्रम आहे. ते येतात अमेरिकेतून. स्पॅनिश लोकांनी कोलंबियाच्या खाणी ताब्यात घेतल्या, तिथला माल समुद्रापार निघाला आणि काही गोव्याच्या बाजारातून आत शिरला. मोगलांना हिरव्याचं वेड होतंच. सगळ्यांत गाजलेला त्यांच्या काळातला कोरीव पाचू २१७.८० कॅरटचा, म्हणजे जवळजवळ पावणेचार तोळ्यांचा. एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला प्रार्थना आणि हिजरी ११०७ हे साल, म्हणजे इसवी १६९५-९६. औरंगजेब तेव्हा कुठे होता? आपल्याच मुलखात, भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत, मराठ्यांशी झुंजत. पण प्रार्थना शिया पंथाची, त्यामुळे खडा खुद्द बादशहाचा नसून कुणा उमरावाचा असावा असा जाणकारांचा कयास. २००१ साली लंडनला त्याचा लिलाव झाला.

भिंग सापडलं. वहिनींचा खडा पांढऱ्या कागदावर ठेवून मी नीट पाहिला. आत ना चीर, ना तंतू. एका कोपऱ्यात मात्र एक छोटासा गोल बुडबुडा, आणि पैलूंच्या कडा जरा वितळल्यासारख्या गोलसर. दोन्ही खुणा काचेकडे बोट दाखवणाऱ्या. मी तसं लगेच म्हटलं नाही. नुसत्या भिंगावर निकाल द्यायचा नसतो, हे वडिलांनी शिकवलेलं.

"अहो पण त्याने दुधात टाकून दाखवला!" वहिनी म्हणाल्या. "सगळं दूध हिरवं दिसायला लागलं."

"सरबताच्या बाटलीचा हिरवा तुकडा टाका, तेही दिसेल," असं कुंपणापलीकडून उत्तर आलं ते नानांचं. नाना म्हणजे वहिनींचे सासरे. कारखान्याच्या लॅबमध्ये सगळी उमर काढलेले, निवृत्त होऊनही उसाचा रस पिताना ब्रिक्स, म्हणजे गोडी, किती असेल ते पुटपुटणारे. आरामखुर्चीत डोळे मिटून सगळं ऐकत होते, हे आम्हाला कळायला हवं होतं.

"रिफ्रॅक्टोमीटरवर घ्या," नाना म्हणाले. "आमच्या रसाचा ब्रिक्स त्यावरच कळतो. उजेड किती वाकतो ते बघायचं."

आणि नाना बरोबर होते. रत्नपारखीही तेच यंत्र वापरतात, फक्त त्याची काच वेगळी. पाचूचा आकडा १.५७ ते १.५८ च्या घरात येतो, आणि मुख्य म्हणजे एक नाही, दोन रीडिंगं येतात, कारण पाचूत शिरलेला उजेड दुभंगतो. काचेत रीडिंग एकच. रसाचं हातातलं यंत्र त्या आकड्यापर्यंत पोचत नाही, नाहीतर नानांनी तिथल्या तिथे सोक्षमोक्ष लावला असता.

पण यंत्राचीही एक मर्यादा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू रसायनाने खराच असतो. सॅनफ्रान्सिस्कोच्या कॅरोल चॅथमने गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत तो बाजारात आणला. काचेसारखा तो नुसत्या रीडिंगवर पकडता येत नाही, आतल्या खुणा वाचाव्या लागतात. कोलंबियाच्या पाचूत एकाच पोकळीत पाणी, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी कण असे तिघं एकत्र राहताना दिसतात. झांबियाच्या खड्यात काळ्या अभ्रकाचे ठिपके. आपण ज्यांना डाग म्हणतो, तोच पाचूचा जन्मदाखला.

"मग चांगला कोणता, आणि वाईट कोणता?" वहिनींनी विचारलं. आता त्यांचं धुणं बादलीत तसंच.

पहिला मान रंगाचा. पाचूची निम्म्याहून जास्त किंमत रंगच ठरवतो. शुद्ध हिरवा किंवा किंचित निळसर हिरवा उत्तम. पिवळसर झाला की उतरला. फार फिका असेल तर पारखी त्याला पाचू म्हणतच नाहीत, हिरवा बेरिल म्हणतात. फार गडद असेल तर संध्याकाळी बोटात काळा दिसतो. खडा दुकानातल्या दिव्याखाली नाही, दारात येऊन उजेडात बघावा. कोलंबियाचा हिरवा उबदार, झांबियाचा लोहामुळे जरा निळ्याकडे झुकणारा. कुणाला कोणता आवडावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुकानदार मात्र ज्याच्या हातात जो असेल तो श्रेष्ठ ठरवतो.

मग स्वच्छता. चिरा आहेत का, हे विचारायचं नाही. किती, कुठे आणि पृष्ठभागापर्यंत आल्यात का, हे विचारायचं. वर आलेली चीर म्हणजे एखाद्या दिवशी खडा तुटायची वाट. पाचूचा कठीणपणा साडेसात ते आठ, पण चिरांमुळे तो ठिसूळ. म्हणून तर त्याचा खास चौकोनी, कोपरे छाटलेला पैलू निघाला, 'एमराल्ड कट'. टोकं नसली की कोंदणात बसवताना आणि घालताना कोपरा फुटत नाही.

वजनावर आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सव्वापाच रत्ती म्हणजे किती व्हतस हो?" चिंता वाटली की त्यांची अहिराणी बाहेर पडते. ह्याचं उत्तर दुकानागणिक बदलतं. आपला जुना हिशेब आठ गुंजा, म्हणजेच आठ रत्ती, एक मासा, बारा मासे एक तोळा. त्याने एक रत्ती सुमारे ०.१२१ ग्रॅमची. खडे विकणाऱ्यांची रत्ती बहुधा ०.१८२ ग्रॅमची. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. तेव्हा पहिल्या हिशेबाने सव्वापाच रत्ती म्हणजे सव्वातीन कॅरटच्या थोडं आत, दुसऱ्याने पावणेपाच कॅरटच्या थोडं वर. दीड कॅरटचा घोळ! आणि भाव कॅरटवर. म्हणून वजन ग्रॅम किंवा कॅरटमध्येच लिहून घ्यावं. शिवाय हा कॅरट वजनाचा. २२ कॅरट सोन्यातला कॅरट शुद्धतेचा. दोघांची गल्लत करणारे कमी नाहीत.

आणि तेल. हे बहुतेक कुणी सांगत नाही. जवळजवळ सगळे पाचू तेलात बुडवलेले असतात. चिरांत हवा असली की त्या चमकून दिसतात, देवदाराचं तेल किंवा राळेसारखा पदार्थ भरला की उजेड सरळ जातो आणि चीर लपते. बिनरंगी तेल जगभर चालतं, त्यात लपवाछपवी नाही, पण किती भरलंय ते सांगायला हवं. प्रयोगशाळा लिहून देतात: अजिबात नाही, किरकोळ, मध्यम, बरंच. हिरव्या रंगाचं 'जोबन' तेल भरलं तर मात्र सरळ फसवणूक, कारण मग रंगही उसना. गरम पाणी, साबण, भांड्यांची पावडर यांनी तेल उतरतं आणि वर्षभरात बाई म्हणते, पाचू रुसला. सोनाराकडे अंगठी मोठी करायला दिली तर आधी खडा काढायला सांगा, ज्योतीच्या धगीत तो तडकतो. आणि दागिने धुवायच्या थरथरणाऱ्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये पाचू कधीही टाकू देऊ नका.

तेल नसलेल्या चांगल्या पाचूची किंमत काय होते, ते वहिनींना सांगितलं तेव्हा नानांनी डोळे उघडले. १८.०४ कॅरटचा, म्हणजे साडेतीन ग्रॅमहून थोडा जास्त, रॉकफेलर घराण्यातला पाचू २०१७ साली न्यूयॉर्कला सुमारे ५५ लाख डॉलरला गेला. आता दुसरा सौदा ऐका. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. लाखो बारीक मोती, त्यात हिरे, माणकं, नीलम, पाचू गुंफलेले. २००९ साली दोह्याला त्याचा लिलाव झाला. मिळाले जवळपास तेवढेच, सुमारे ५५ लाख डॉलर. सगळा गालिचा एकीकडे आणि चिंचोक्याएवढा बिनतेलाचा खडा एकीकडे.

बडोद्याचं नाव निघालं आणि मावशी सरसावल्या, कारण त्यांची नणंद बडोद्याला. गायकवाडांच्या घरातली एक गोष्ट मग मी सांगितलीच, गप्पांत सोडवत नाही. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या दुसऱ्या राणी सीतादेवी. दागिन्यांची हौस अशी की संस्थान विलीन झाल्यावरही परदेशात त्यांचा तोरा तोच. पायातले पाचू-हिऱ्यांचे तोडे त्यांनी हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याला विकले. त्याने ते मोडून गळ्यातला हार केला आणि तो गेला डचेस ऑफ विंडसरकडे, म्हणजे जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली तिच्याकडे. १९५७ साली न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत सगळे हाराचं कौतुक करत होते. तिथे सीतादेवी हजर. त्या म्हणे म्हणाल्या, हे पाचू माझ्या पायातही असेच शोभायचे. डचेसने हार परत केला.

"ओ माय वं!" मावशी खूश. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या शेवटच्या क्वार्टरला पोचली, आणि तिथे पोचेपर्यंत तोड्यांच्या जागी पैंजण आणि न्यूयॉर्कच्या जागी मुंबई झाली होती.

आपल्या मराठी दागिन्यांत पाचू असाच अधूनमधून डोकावतो, मिरवत नाही. नथीत मोत्यांच्या गर्दीत एक माणिक, एक पाचू. भिकबाळीत दोन मोत्यांमध्ये हिरवा मणी. तन्मणीच्या खोडात कुंदन कामात जडवलेला. माझ्या मते पाचूला सोनं आणि मोती यांच्याइतकी चांगली सोबत दुसरी नाही, आणि करंगळीतल्या अंगठीपेक्षा वाईट जागा नाही. हात सगळीकडे आपटतो. कानात, गळ्यात तो शंभर वर्षं टिकेल. ज्याला हिरवा रंगच हवा त्याने हिरवा ओनिक्स घ्यावा. तो रंगवलेला अकीकच असतो, पण स्वस्त आणि चिवट.

"मग मी काय करू आते?" वहिनी.

मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दुकानदाराला म्हणावं, प्रयोगशाळेचं कार्ड दे. जयपूरची रत्नपरीक्षण प्रयोगशाळा, मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जीआयए, कुठलंही चालेल, पण ज्या खड्याचं कार्ड त्याच खड्याचं वजन आणि माप त्यावर असलं पाहिजे. दोन, पावतीवर 'नैसर्गिक पाचू', कॅरटमध्ये वजन आणि तेलाचं प्रमाण लिहून दे. सोन्यावरचा हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षरी नंबर सोन्याचीच हमी देतो, खड्याची नाही. खड्याचं वजन सोन्यातून वजा करून पावती घ्या, नाहीतर खडा सोन्याच्या भावाने पुन्हा विकत घ्याल.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी हे सगळं त्या माणसाला फोनवर विचारलं. कार्ड आहे म्हणाला, मग म्हणाला जयपूरहून मागवावं लागेल, मग म्हणाला विश्वासाच्या व्यवहारात कागद कशाला, आणि शेवटी म्हणाला पुडी परत पाठवा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. पुडी गेली. नाना खुर्चीतूनच म्हणाले, "दोन रीडिंग आली नसती." मुलाची पुढची मुलाखत गुरुवारी आहे, बुधवारी त्याला पाचू नाही, पण नाना फोनवर अर्धा तास इंग्रजीत प्रश्न विचारणार आहेत. हे मला वहिनींनी अजून सांगितलेलं नाही, दूधवाल्याने सांगितलं.

तुम्ही पाचू घेणार असाल तर हौसेने घ्या. उजेडात बघा, भिंगातून डाग शोधा आणि नाही सापडले तर आनंदू नका. पावतीवर 'नैसर्गिक' हा शब्द लिहायला जो कचरेल, त्याच्या गादीवरून चहा पिऊन उठा.